एमबी १०२ ब्रेडबोर्ड पॉवर सप्लाय: घ्या, पण सर्व्हो त्यावर टाकू नका

ब्रेडबोर्डच्या, म्हणजे सोल्डर न करता वायरी खोचून सर्किट जोडायच्या पाटीच्या, टोकाला चपखल बसणारा हा छोटा बोर्ड शंभरेक रुपयांत घरपोच येतो. कंपनीचं नाव कुठेच नाही. जाहिरातीत तीन गोष्टी असतात: १२ व्होल्टपर्यंतचा अ‍ॅडॅप्टर चालतो, दोन पट्ट्यांवर ५ किंवा ३.३ व्होल्ट वेगवेगळे घेता येतात, आणि ७०० मिलिअँपिअर मिळतात. दुसरी गोष्ट शंभर टक्के खरी. पहिली आणि तिसरी एकाच वेळी खऱ्या नसतात, तेवढ्यासाठीच हे लिहितोय.

आमच्या फोंड्याच्या घरी चवथीला देखावा असतो. यंदा भाच्याने पुठ्ठ्याचा घुमटवाला केला, म्हणजे घुमट हे मातीचं वाद्य वाजवणारा माणूस. दोन हातांना दोन एसजी ९० सर्व्हो (हव्या त्या कोनात फिरणाऱ्या छोट्या मोटर), पोटात ईएसपी ३२ हा वायफायवाला कंट्रोलर बोर्ड, आणि मोबाइलवरून वायफायने सांगितलं की आरतीच्या ठेक्यावर हात घुमटावर पडायचे. एकच हात हलवला तर सगळं सुरळीत. दोन्ही एकदम उचलले की ईएसपी रिसेट, आणि घुमटवाला हात वर करून उभा. "मामा, कोड परत टाकून बघूया?" हे ऐकून ऐकून त्याची आजीसुद्धा कोडबद्दल विचारायला लागली.

कोडचा काही संबंध नव्हता. सीरियल मॉनिटरवर, म्हणजे ईएसपीचे संदेश दाखवणाऱ्या कॉम्प्युटरच्या खिडकीत, दर वेळी 'ब्राउनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड' अशी ओळ येत होती, म्हणजे चिपचं व्होल्टेज पडत होतं. हा डिटेक्टर कोडमधूनच बंद करा, असा सल्ला नेटवर सर्रास मिळतो. कृपा करून ऐकू नका. व्होल्टेज पडायचं तेवढं पडतंच, फक्त ईएसपी रिसेट व्हायच्या ऐवजी वेडंवाकडं वागायला लागतो.

मल्टिमीटर मात्र शांतपणे ५.०२ दाखवत होता. साधा मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, मिलिसेकंदांची घसरण त्याला दिसायची नाही. पण त्याचा दुसरा उपयोग आहे. एक प्रोब सप्लायच्या ग्राउंडवर, दुसरी थेट ईएसपीच्या ग्राउंड पिनवर. दोन्हीकडे ग्राउंडच, तेव्हा जवळजवळ शून्य यायला हवं. सर्व्हो फिरताना तिथे १८० मिलिव्होल्टच्या आसपास दिसत होते. बारीक जंपर वायर आणि ब्रेडबोर्डच्या आतले चिमटे मिळून ते खात होते. आपल्याकडच्या पावसाळी हवेत उघडा राहिलेला ब्रेडबोर्ड असा होतोच. नवा ब्रेडबोर्ड आणि जाड वायर घातल्यावर आकडा चाळिशीच्या खाली आला. रिसेट कमी झाले, थांबले नाहीत.

आता मूळ दुखणं. एमबी १०२ मध्ये एएमएस १११७ जातीचे दोन रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज ठरावीक ठेवणाऱ्या चिप, आहेत, आणि माझ्या बोर्डावर ३.३ वाला ५ वाल्याच्या मागे जोडलेला आहे. म्हणजे दोन्ही पट्ट्यांचा भार ५ वाल्यावरच. हे लिनिअर रेग्युलेटर, जास्तीचं व्होल्टेज उष्णता करून टाकतात. १२ व्होल्ट देऊन ५ व्होल्टवर ३०० मिलिअँपिअर ओढले तर सात गुणिले ०.३, म्हणजे २.१ वॉट नखाएवढ्या चिपमध्ये. हीटसिंक नाही. पाच-सात मिनिटांनी चिप स्वतःला वाचवायला बंद पडते, गार झाली की परत सुरू. ९ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर लावला की तोच हिशेब १.२ वॉटवर येतो. जुन्या राउटरचा ९ व्होल्टवाला बहुतेक घरांत पडलेला असतो, तो काढा. फक्त पिनची प्लस-मायनस तपासून घ्या.

म्हणून आधी बंद पडण्याची तऱ्हा बघावी. मोटर हलली की लगेच रिसेट होतो, तर करंट पुरत नाही. काही वेळ चालून मरतो आणि आपोआप जिवंत होतो, तर चिपला हात लावून बघा. जपून, चटका बसतो.

"मोठा कपॅसिटर टाका", म्हणजे थोडी वीज साठवून गरजेला देणारा भाग जोडा, हा उपाय वायफायसाठी चांगला, कारण वायफायचे करंटचे झटके अगदी आखूड असतात. सर्व्होला तो पुरत नाही. १००० मायक्रोफॅरॅडमधून अर्धा अँपिअर ओढला तर दर मिलिसेकंदाला अर्धा व्होल्ट उतरतो, आणि सर्व्हो उचलताना त्याहून कितीतरी जास्त वेळ खातो. अडकला तर एकटा एसजी ९० सहाशे-सातशे मिलिअँपिअर मागतो. आम्ही दोन्ही सर्व्होंना वेगळा ५ व्होल्ट, २ अँपिअरचा अ‍ॅडॅप्टर दिला आणि दोन्हीकडचे ग्राउंड एकमेकांना जोडले. ग्राउंड जोडल्याशिवाय सिग्नलला अर्थच नाही. एमबी १०२ वर आता फक्त ईएसपी आहे, आणि घुमटवाला विसर्जनापर्यंत न थांबता वाजवत होता.

एक तक्रार उरतेच: व्होल्टेज निवडायचे पिवळे जंपर, म्हणजे दोन पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्या. ते सैल बसतात, आणि ३.३ च्या जागी चुकून ५ वर गेला तर ३.३ च्या पिनवर जोडलेला ईएसपी कायमचा जातो, कारण त्याची कमाल मर्यादा ३.६ व्होल्ट आहे. आमच्या बोर्डावर मी ते सोल्डर करून टाकलेत. दाबायचं बटणही तकलादू.

सेन्सर, चार-पाच एलईडी, आयसी शिकायला बसलेला शाळकरी मुलगा, यांसाठी पाचपैकी चार. मोटर, रिलेची रांग किंवा एलईडीची पट्टी असेल तर दीड.