लीड्सच्या फ्लॅटमध्ये दोन दरांची वीज: नऊ महिन्यांनंतर

हिवाळ्यात रात्री साडेबाराला आमच्या मीटरच्या कपाटातून ‘खट्’ असा आवाज येतो. तेव्हा साताऱ्यात सकाळचे सहा वाजलेले असतात, आई चहाचं आधण ठेवत असते आणि इथे आमचे हीटर तापायला लागतात. ऑक्टोबर २०२४ पासून आमचं घर या आवाजावर चालतंय.

आमचा फ्लॅट भाड्याचा. गॅस नाही, सगळं विजेवर. दिवाणखान्यात एक आणि झोपायच्या खोलीत एक असे दोन स्टोरेज हीटर (रात्री उष्णता साठवून दिवसा सोडणारे), आणि कपाटात गरम पाण्याची टाकी. टाकी म्हणजे आपला बंबच, फक्त लाकडांऐवजी विजेवर तापणारा. पहिला हिवाळा आम्ही साध्या एकदरी करारावर काढला. घरात शिरलो तेव्हा वीज कंपनीने जो दर लावला तो निमूट भरत राहिलो. जानेवारीचं बिल २५० पौंडांच्या वर गेल्यावर वरच्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, ‘अहो, हे हीटर रात्रीच्या स्वस्त विजेसाठीच बनवलेले आहेत.’ आमचे हीटर तापत होते रात्रीच, पैसे मात्र आम्ही दिवसाचे मोजत होतो.

या दुहेरी दराला इथे ‘इकॉनॉमी ७’ म्हणतात. १९७८ पासून आहे. कोळशाची आणि अणुवीज केंद्रं रात्री बंद करून सकाळी पुन्हा पेटवणं परवडत नसे, म्हणून ती वीज लोकांनी रात्री स्वस्तात घ्यावी, हा मूळ विचार. रात्रीचे सात तास दर जवळपास निम्मा, आणि त्याबदल्यात दिवसाचा दर नेहमीपेक्षा चढा. हे दुसरं वाक्य जाहिरातीत बारीक अक्षरात असतं. आमचे आकडे असे: एकदरी करारात युनिटला २४.५ पेन्स, दोनदरीत रात्री १४.२ आणि दिवसा २९.८. स्थिर आकार दोन्हीकडे सारखाच.

करार बदलण्याआधी एक गणित मात्र जरूर करा. दिवसाचा दर एकदरीपेक्षा जितका जास्त आहे (आमच्याकडे ५.३), त्याला दिवस-रात्रीच्या दरांतल्या फरकाने (१५.६) भागायचं. आमचं उत्तर ३४ टक्के आलं. म्हणजे एकूण विजेपैकी ३४ टक्क्यांहून जास्त रात्री वापरली तर फायदा, नाहीतर आतबट्ट्याचा व्यवहार. ज्यांच्या घरी गॅसवर हीटिंग आहे आणि रात्री फक्त फ्रिज चालतो, त्यांनी या वाटेला जाऊच नये. ऑफिसातल्या एका मैत्रिणीने माझं ऐकून उत्साहाने अर्ज केला होता, तिला मीच परत फिरवलं.

मीटर बदलायला घरमालकाची परवानगी लागली, ती त्याने ईमेलवर दोन ओळींत दिली. जुनं मीटर रेडिओवर चालायचं, हे मला तेव्हा कळलं. बीबीसी रेडिओ ४ च्या लाँग वेव्हवर, १९८ किलोहर्ट्झला, बातम्यांच्या आडून एक छुपा संकेत जायचा आणि तो ऐकून घरोघरच्या मीटरची कळ फिरायची! ही यंत्रणा ३० जून २०२५ ला बंद करायचं ठरलं होतं, पुढे ते काम टप्प्याटप्प्याने करायचं झालं. तुमच्या मीटरशेजारी हा संकेत ऐकणारा वेगळा काळा डबा असेल तर थांबू नका, बदलून घ्या. नवं स्मार्ट मीटर लावायला माणूस आला, दोन तास लागले, पैसे लागले नाहीत.

मनस्ताप झाला तो नंतर. नोव्हेंबरचं बिल, स्थिर आकार सोडून, १७१ पौंड. नवऱ्याचं म्हणणं, थंडी वाढली आहे, येणारच. मला पटेना. बिलात दिवसाचे ४८० युनिट आणि रात्रीचे २०० लिहिले होते, आणि आम्ही दोघं तर दिवसभर कामावर. मीटरवर दोन आकडे दिसतात, ‘रेट १’ आणि ‘रेट २’. कुठला दिवसाचा, कुठला रात्रीचा, हे कुठेच लिहिलेलं नाही. म्हणून एका रात्री सव्वाबाराला शाल गुंडाळून, टॉर्च घेऊन कपाटासमोर उभी राहिले. दोन्ही आकड्यांचा फोटो काढला. खट् झालं. एक वाजता पुन्हा फोटो. हीटर तापत असताना जो आकडा पळत होता, त्यालाच कंपनी ‘दिवस’ म्हणत होती. आकडे उलटे जोडले गेले होते. खरं बिल १२८ च्या आत यायला हवं होतं.

कंपनीला तीन ईमेल आणि दोन फोन, सहा आठवडे. फोनवरची मुलगी गोड बोलायची, पण दर वेळी नवी, आणि दर वेळी पहिल्यापासून सगळं. शेवटी वेळेसकट फोटो पाठवले तेव्हा मान्य झालं आणि फरक परत मिळाला. नवं मीटर बसलं की पहिल्याच आठवड्यात झोपण्याआधी एक आणि उठल्यावर एक असे फोटो काढून ठेवा.

आता हीटरबद्दल. पाठीला शेक द्यायला वीट तापवून फडक्यात गुंडाळतात ना, तेच तत्त्व. आत जड विटा असतात, त्या रात्रभर तापतात आणि दिवसभर ऊब सोडतात. वर दोन बटणं: ‘इनपुट’ म्हणजे रात्री किती उष्णता भरून घ्यायची, ‘आउटपुट’ म्हणजे ती किती वेगाने सोडायची. आम्ही पहिले दोन आठवडे दोन्ही बटणं पूर्ण फिरवून ठेवली होती. पहाटे चारला घाम, आणि संध्याकाळी कामावरून आलो की घर गारठलेलं. आउटपुट रात्री बंद ठेवून दुपारनंतर थोडं उघडायचं, हे समजायला डिसेंबर उजाडला. आणि उद्याच्या थंडीचा अंदाज आज झोपताना करावा लागतो. अंदाज चुकला तर उद्या काही करता येत नाही. महागडा पंख्याचा हीटर लावायचा, नाहीतर स्वेटर चढवायचा.

टाकीचं मात्र काहीच करावं लागत नाही. १२० लिटर पाणी तापायला साधारण सात युनिट लागतात, ती रात्रीच लागतात, आणि सकाळी दोघांच्या आंघोळी होऊन संध्याकाळच्या भांड्यांनाही पाणी पुरतं. वरचं ‘बूस्ट’चं, म्हणजे लगेच पाणी तापवायचं, बटण दिवसा दाबायचं नाही, एवढं पथ्य.

कपड्यांचं मशीन मध्यरात्री लावा असं सगळे सांगतात. मी लावत नाही. इथलं अग्निशमन दल सांगतं की झोपेत असताना वॉशिंग मशीन, ड्रायर चालू ठेवू नका, आणि खालच्या मजल्यावर तान्हं बाळ आहे. मी सहाला उठते तेव्हा लावते, साडेसातच्या आत धुणं होतं. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासाने पुढे गेली तरी मीटर जुन्याच वेळेवर राहतं, त्यामुळे उन्हाळ्यात स्वस्त वीज दीड ते साडेआठ अशी मिळते. मग सकाळच्या पोळ्याही स्वस्तात होतात! राजमा, छोले रात्री स्लो कुकरमध्ये. आणि ज्या गोष्टीसाठी मी हा हीटर कधीच सोडणार नाही ती म्हणजे इडलीचं पीठ. लीड्सच्या जानेवारीत पीठ दोन दिवस ठेवलं तरी मढ्यासारखं पडून राहायचं. आता पातेलं हीटरशेजारी स्टुलावर ठेवते, सकाळी झाकण उचललेलं असतं. हीटरच्या वर काही ठेवायचं नाही, कपडेही वाळत घालायचे नाहीत, तो फार तापतो.

फेब्रुवारीत आई आली आणि माझं सगळं वेळापत्रक कोलमडलं. ती दिवसभर घरी. अकराला कुकर, दुपारी चहा, चारला पुन्हा चहा, पाचला पाय गार म्हणून पंख्याचा हीटर. ‘अगं, रात्री शेकोटी पेटवायची आणि दुपारी राखेजवळ बसायचं, ही कुठली पद्धत?’ जानेवारीत आमचे रात्रीचे ६८२ आणि दिवसाचे २१७ युनिट झाले होते, एकदरीपेक्षा ५९ पौंड वाचले होते. फेब्रुवारीत दिवसाचे ४२० झाले आणि बचत ३९ वर आली. तरीही बचतच, हे मी आईला सांगितलं नाही, कारण मग तिने पाचचा हीटर चारला लावला असता. पण घरात म्हातारी माणसं किंवा लहान मूल दिवसभर असेल, तर या हीटरांच्या भरवशावर राहू नका. संध्याकाळी पाच ते दहा, म्हणजे घरात माणसं असतात तेव्हाच, त्यांचा जीव संपलेला असतो.

गंमत म्हणजे आईच्या साताऱ्यात आता याच्या बरोबर उलटं आहे. तिकडच्या नव्या टीओडी (‘टाइम ऑफ डे’, म्हणजे वेळेनुसार दर लावणाऱ्या) मीटरवर १ जुलै २०२५ पासून सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेत युनिटमागे ८० पैशांची सवलत सुरू झाली. तिकडे दुपारी सौर वीज भरपूर, म्हणून दिवस स्वस्त. फोनवर तिने पहिलं वाक्य हेच टाकलं, की बघ, सरकारला सुद्धा माझंच पटलं.

नऊ महिन्यांत आमचे ३०० पौंडांच्या आसपास वाचले, त्यातले निम्म्याहून जास्त नोव्हेंबर ते जानेवारीत. जूनमध्ये हीटर बंद असल्याने जेमतेम १० पौंड. परवा पुढच्या वर्षाचं दरपत्रक आलं: एकदरी २५.२, दिवस ३०.६, रात्र १६.४. भागाकार केला, ३८ टक्के आले. जूनसारख्या रिकाम्या महिन्यातही आमची रात्रीची वीज निम्म्याहून थोडी जास्तच होती, म्हणून करार पुढे चालू ठेवतोय. घरमालकाकडे झोपायच्या खोलीतल्या हीटरचं आउटपुटचं बटण बदलून मागितलं आहे, ते मार्चपासून गोल गोल फिरतं आणि काहीच करत नाही.