शेवाळाला वेगळी जागा देणारा स्क्रबर: फोंड्यातील प्रवाळ-टाकीतला सात महिन्यांचा अनुभव

समुद्री टाकीतील दगडांवर केसाळ शेवाळाने एकदा मूळ धरले की ते हाताने उपटा, ब्रशने घासा किंवा टाकीवर चादर घालून तीन दिवस काळोख करा, पंधरा दिवसांत ते पुन्हा त्याच जागी उभे राहते. फोंड्यातील माझ्या घरी २०० लिटरची टाकी आणि तिच्याखाली ६० लिटरचा संप, म्हणजे पाणी गाळण्याची जोडटाकी आहे. टाकीत मशरूम, झोआन्थस आणि लेदर जातीचे मऊ प्रवाळ, दोन क्लाउनफिश आणि एक लॉनमोवर ब्लेनी आहे. ब्लेनी काचेवरचा पातळ थर आवडीने खाते, पण लांब वाढलेल्या केसाळ शेवाळाला ती तोंड लावत नाही. गेल्या वर्षी चवथीच्या सुमारास झोआन्थसचा एक पूर्ण गुच्छ शेवाळाखाली दबून मिटला आणि पुन्हा उघडलाच नाही. त्यानंतर बरीच चौकशी करून या मार्चमध्ये मी एका छोट्या उत्पादकाकडून संपावर बसणारा अल्गी टर्फ स्क्रबर ६,५०० रुपयांना मागवला.

या उपकरणाचे तत्त्व जुने आणि साधे आहे. स्मिथसोनियन संस्थेतील शास्त्रज्ञ वॉल्टर एडी यांनी प्रवाळभित्तींवरील शेवाळाच्या हिरवळीचा अभ्यास करून ही पद्धत विकसित केली आणि १९८२ साली तिचे पेटंट मिळवले. अ‍ॅक्रिलिकच्या पेटीत खरखरीत केलेली प्लॅस्टिकची जाळी उभी टांगलेली असते, तिच्यावरून पाण्याचा पातळ पडदा सतत वाहतो आणि दोन्ही बाजूंनी प्रामुख्याने लाल एलईडीचा प्रखर उजेड पडतो. भरपूर उजेड, वाहते पाणी आणि हवा एकत्र मिळाल्यामुळे शेवाळ टाकीपेक्षा जाळीवर जोमाने वाढते आणि पाण्यातील नायट्रेट व फॉस्फेट शोषून घेते. आठवड्याला जाळी खरवडली की ती पोषकद्रव्ये शेवाळासोबत टाकीबाहेर जातात. टाकीत औषध घालावे लागत नाही आणि पाण्यातील सूक्ष्म जीवांनाही धक्का लागत नाही.

मात्र स्क्रबर घेण्यापूर्वी दोन गोष्टी दुरुस्त केल्या नाहीत तर पैसे फुकट जातात, असे माझे ठाम मत आहे. पहिली गोष्ट पाण्याची. नळाचे पाणी गाळून वापरणे पुरेसे नाही. पिण्याच्या आरओ यंत्रातले पाणीही चालत नाही, कारण त्यांतील बऱ्याच यंत्रांत चव राखण्यासाठी खनिजे परत मिसळली जातात. आरओ मेंब्रेननंतर उरलेसुरले क्षार काढणारे डीआय रेझिन असलेले वेगळे युनिट लावून विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य आल्याशिवाय मी आता मीठ कालवत नाही. दुसरी गोष्ट खाद्याची. १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी लागण्याआधी मी सुंगटे (कोळंबी) आणून, वाटून, बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवतो, आणि कित्येक वर्षे ते घन तसेच टाकीत सोडत होतो. त्यांतून सुटणारे गढूळ, दुधी पाणी म्हणजे शेवाळाला आयते खतच. आता घन चहाच्या गाळणीत विरघळू देतो आणि आरओच्या पाण्याने धुऊन फक्त मांस घालतो.

उपकरण लावले तेव्हा फॉस्फेट ०.२८ आणि नायट्रेट २५ पीपीएम (दशलक्षात २५ भाग) होते. पहिल्या आठवड्यात जाळीवर फक्त तपकिरी, बुळबुळीत साय जमली, आणि आपली निवड चुकली असे मला मनापासून वाटले. उत्पादकाला फोन केला तेव्हा ते म्हणाले, "सर, घाई करू नका. साय अलगद धुऊन टाका, पण जाळी घासू नका." चौथ्या आठवड्यात जाळीच्या भोकाभोकांतून हिरवे तुरे निघाले, आणि सहाव्या आठवड्यात जाळी बाहेर काढली तेव्हा तिच्यावर बोटभर जाडीची, घट्ट, गर्द हिरवी लव होती, पाणी निथळताना तिला समुद्रकाठच्या खडकासारखा वास येत होता. ती मी जुन्या प्लॅस्टिकच्या कार्डाने खरवडली. पुढच्या वाढीसाठी मुळांचा पातळ थर ठेवायचा असतो, म्हणून लोखंडी सुरी लावत नाही. निघालेला पिळून घेतलेला गोळा मुठीत मावत नव्हता. आईने तो थेट माडाच्या अळ्यात नेऊन टाकला, कारण माडाला मीठ चालते आणि तुळशीला चालत नाही.

टाकीतील दगड स्वच्छ व्हायला मात्र जवळजवळ तीन महिने लागले. जुन्या दगडांतील कॅल्शियम कार्बोनेट फॉस्फेट धरून ठेवते आणि पाण्यातले प्रमाण घटले की हळूहळू सोडत राहते. त्यामुळे मीटरवरचा आकडा बरेच दिवस अडून राहतो, आणि याच टप्प्यावर बरेच लोक कंटाळून यंत्र काढून ठेवतात. समुद्रातून ताजे दगड आणून टाकीत घाला, असाही सल्ला मला मिळाला होता. तो मी मानला नाही आणि कोणीही मानू नये, कारण कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत आणि आपल्या किनाऱ्यावर ते आधीच थोडे आहेत.

आता उणिवांकडे येतो. विक्रेते टाकीच्या लिटरांवरून जाळीचे माप सांगतात, आणि ते चुकीचे आहे. माप खाद्यावरून ठरायला हवे: रोज गोठवलेल्या खाद्याचा एक घन जात असेल तर दोन्ही बाजूंनी उजेड मिळणारी सुमारे ७५ चौरस सेंटिमीटर जाळी पुरते. माझ्याकडे रोज दोन घन जातात आणि मला मिळालेली जाळी १५ × २० सेंटिमीटरची आहे, म्हणजे गरजेच्या दुप्पट. जुलैच्या अखेरीस नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर आले, मशरूम फिकटले आणि वाळूवर बुडबुड्यांसह तपकिरी चिकट तंतू दिसू लागले. ते डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्म एकपेशीय जीव होते. पोषकद्रव्ये पूर्ण संपली की त्यांना प्रतिस्पर्धी उरत नाही, आणि त्यांना हटवणे केसाळ शेवाळापेक्षा कितीतरी कठीण असते. मी दिव्यांचा वेळ १८ तासांवरून १० तासांवर आणला आणि खाद्य किंचित वाढवले, तेव्हा महिन्याभरात परिस्थिती सावरली. आज फॉस्फेट ०.०६ आणि नायट्रेट ५ आहे, आणि यापेक्षा खाली मला जायचे नाही.

सोबत मिळालेला पंपही पुरेसा नव्हता. जाळीच्या रुंदीच्या प्रत्येक सेंटिमीटरला ताशी सुमारे ५० लिटर प्रवाह लागतो, म्हणजे माझ्या जाळीला ७५० लिटर. पंपावर १,००० लिटर लिहिलेले असले तरी पाणी वर चढवताना तो आकडा बराच उतरतो, आणि जाळीचा एक कोपरा कोरडाच राहत होता. पंप बदलण्याचे १,४०० रुपये वेगळे पडले. खाऱ्या दमट हवेत दिव्याच्या वायरची जोडणीही चौथ्या महिन्यात गंजली. उत्पादकाने नवी जोडणी विनामूल्य पाठवली, हे नमूद करणे योग्य ठरेल, तरी ती सुरुवातीलाच बंदिस्त असायला हवी होती. जूनमधील वादळी पावसात सलग सात तास वीज गेली तेव्हा जाळी वाळून वरचा थर मेला. तेव्हापासून हा पंप इन्व्हर्टरवर आहे. दिवे मी रात्री चालवतो, कारण टाकीचे दिवे बंद असताना पाण्याचा पीएच घसरतो आणि जाळीवरील शेवाळ त्याला थोडाफार आधार देते.

आठवड्याला वीस मिनिटे देणे ज्यांना जमणार नाही त्यांनी हे उपकरण घेऊ नये. जाळी तीन आठवडे न खरवडता ठेवली तर वरच्या वाढीच्या सावलीत मुळे कुजतात, लव तुटून संपात पडते आणि शोषलेले सगळे पाण्यात परत येते. ज्यांच्याकडे डीआयचे पाणी आहे, चाचणीचे किट आहे आणि संपाच्या वर हातभर मोकळी जागा आहे, त्यांनी ते जरूर घ्यावे, पण मागणी नोंदवताना रोजच्या खाद्याचे प्रमाण सांगून जाळी कापून मागावी. माझ्या उत्पादकाने दुसरी जाळी, १५ × १० सेंटिमीटरची, ३०० रुपयांत करून दिली, आणि गेल्या रविवारपासून तीच चालू आहे.