‘सॅटेलाइट बदललाय’ म्हणत दारात येणाऱ्यापासून सावध राहा

आमच्या गावात ऑक्टोबरच्या सुरुवातीला एक माणूस मोटरसायकलवर आला आणि अर्ध्या गल्लीचे पैसे घेऊन गेला. तालुका शहादा. गावाचं नाव देत नाही, कारण ज्यांचे गेले त्यांना आता त्याची चर्चा नकोय. त्यात आमचे आबा आणि मायही आहेत. मी धुळ्याला असते, नवरात्रात घरी गेले तेव्हा सगळं कळलं. आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक केलेलं असल्यामुळे धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, चढून त्या माणसानं काय करून ठेवलंय ते नीट पाहता आलं. त्याची पद्धत इतकी चलाख होती की लिहून ठेवलीच पाहिजे. मार्चमध्ये हाच खेळ पुन्हा कुठेतरी होईल, आणि मार्चच का, तेही सांगते.

गल्लीत बहुतेक घरांवर दूरदर्शनच्या फ्री डिशची छत्री आहे. महिन्याचं भाडं नाही, रिचार्ज नाही, त्यामुळे कापूस वेचणीच्या दिवसांत कुणाला आठवण ठेवावी लागत नाही. गळ्यात ओळखपत्र अडकवलेला हा मुलगा सकाळी साडेदहाच्या पुढे दारात आला. आबा सह्याद्री लावून बसले होते. म्हणाला, “बाबा, दिल्लीहून सॅटेलाइट बदललाय. जुन्या छत्र्या आता एकेक करून बंद पडणार. तुमचं चित्र फुटतं की नाही सकाळी?” फुटत होतं. आदल्या दिवशीही अकराच्या आसपास टीव्हीवर चौकोन चौकोन आले होते आणि मग ‘नो सिग्नल’ची पाटी. आबांनी मान हलवली. मुलगा म्हणाला, “थांबा, आजही जाईल.” आणि खरंच, थोड्या वेळानं आवाज तुटायला लागला, चित्र गोठलं, पडदा निळा झाला. आबांच्या तोंडून निघालं, “आते काय करनं पडी रे भाऊ?”

मुलगा शिडी लावून वर गेला, छत्रीशी खाटखूट केली, खाली येऊन बॉक्स बंद-चालू केला. तेवढ्यात चित्र परत. अशा माणसावर कोण अविश्वास दाखवेल? माय अजून म्हणते, “त्यानी हात लावा नि चित्र उनं (आलं) ना वं बाई.”

चित्र त्याच्या हातानं गेलं नव्हतं आणि त्याच्या हातानं आलंही नव्हतं. फ्री डिश येते जीसॅट-१५ या उपग्रहावरून. तो विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशावर एका जागी उभा असतो, म्हणून आपल्या छत्र्या एकदा लावल्या की वर्षानुवर्षं त्याच दिशेला तोंड करून राहतात. आमच्या भागातून तो आग्नेयेला दिसतो, क्षितिजापासून साधारण ५७ अंश वर. वर्षातून दोनदा, थोडे थोडे दिवस, सूर्य फिरत फिरत नेमका त्या उपग्रहाच्या मागे येतो. सूर्य स्वतः रेडिओ लहरींचा एवढा गोंगाट करतो की छत्रीला उपग्रहाचा बारीक आवाज ऐकूच येत नाही. काही मिनिटं सिग्नल जातो, सूर्य पुढे सरकला की आपोआप येतो. आमच्याकडे हे गांधी जयंतीच्या आगेमागे सकाळी अकराच्या सुमारास होतं, आणि पुन्हा मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास, तेव्हाही अकराच्याच पुढेमागे. दुरुस्ती काहीही नसते. छत्रीखाली नुसतं उभं राहिलं तरी ‘दुरुस्त’ होते.

त्या मुलाला हे शास्त्र ठाऊक होतं की नुसता अनुभवानं वेळ धरून बसला होता, देव जाणे. पण गल्लीत फिरायला त्यानं निवडलेली वेळ पाहता मला पहिलंच खरं वाटतं. एका घरी चित्र गेलं की शेजारी हाक मारायची, “तुमचंही गेलं ना?” शेजाऱ्यांचंही गेलेलंच असायचं. सगळ्या गल्लीचं एकदम गेलं म्हणजे सॅटेलाइट बदललाच असणार, असं माणसांनी मानलं.

आता बिल. नव्या सॅटेलाइटचा एलएनबी, म्हणजे छत्रीच्या पुढच्या दांडीवर बसवलेलं डोकं, ८५० रुपये. सिग्नल बूस्टर १२०० रुपये. ‘योजनेची नोंदणी’ ४९९ रुपये, ही मात्र क्यूआर कोड दाखवून फोनवरून घेतली, बाकी रोख. शिवाय जुना बॉक्स ‘सरकारजमा’ करायचा म्हणून उचलून नेला, त्याच्या जागी पिशवीतला दुसरा लावून दिला. आधारकार्डाचा फोटो काढला. पावती मागितली तर म्हणाला, मेसेज येईल.

नोंदणीच्या पैशांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण सगळ्यात धोक्याची थाप तीच होती, आणि तिच्यात अर्धं खरं मिसळलेलं होतं. केंद्र सरकारनं जानेवारी २०२३ मध्ये आकाशवाणी-दूरदर्शनसाठी २,५३९.६१ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तिच्यात दुर्गम, आदिवासी, सीमेवरच्या भागांत आणि आकांक्षित (विकासात मागे म्हणून केंद्रानं निवडलेल्या) जिल्ह्यांत फ्री डिशचे आठ लाखांहून जास्त बॉक्स मोफत वाटण्याची तरतूद होती. नंदुरबार हा आकांक्षित जिल्हा आहे, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. त्यामुळे ‘आकांक्षित जिल्ह्याची योजना’ असं म्हटलं की कान टवकारतात. फक्त ती मोफत होती. मोफत वाटायच्या वस्तूची नोंदणी फी अनोळखी माणसाच्या खात्यावर जात नाही. त्या क्यूआर कोडवर कुठल्याही सरकारी खात्याचं नाव नव्हतं, एका व्यक्तीचं नाव आलं होतं. मायच्या फोनमध्ये ते अजून दिसतं. पैसे पाठवायच्या आधी पडद्यावर येणारं नाव मोठ्यानं वाचायचं, एवढं मी मायला आता शिकवलंय.

धाब्यावर चढले तर पहिल्यांदा एलएनबीच पाहिला. त्यावर नवा कोरा स्टिकर, ९७५०/१०६०० असे आकडे. आमच्या जुन्यावरही हेच आकडे होते, फ्री डिशला लागतो तो हाच साधा एलएनबी. मग मागची बाजू फिरवून पाहिली तर कुंभारीण माशीनं केलेलं मातीचं घरटं, वाळून कडक झालेलं, तसंच चिकटलेलं. चार दिवसांपूर्वी पुडक्यातून काढलेल्या एलएनबीवर कुंभारीण घर कधी बांधून गेली? पठ्ठ्यानं फडक्यानं पुसून त्याच डोक्यावर स्टिकर मारला होता. नवा घ्यायला गेलं तरी बाजारात तो दोन-अडीचशेच्या आसपास मिळतो.

बूस्टर त्याहून बहारदार. आगपेटीएवढी काळी डबी, दोन्ही टोकांना केबलच्या पिना लावायची तोंडं, वर लाल दिवा. दिवा लागलेला. आबा म्हणाले, बघ, चालू आहे. डबी उघडली. आत एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत सरळ तांब्याची तार, आणि तिला जोडलेला एक रोधक आणि एक एलईडी. बस्स. बॉक्सकडून एलएनबीला वीज केबलमधूनच जाते, १३ किंवा १८ व्होल्ट. त्याच विजेवर तो दिवा जळत होता. सिग्नल वाढवणारा एकही सुटा भाग आत नव्हता. आणि खरा बूस्टर असता तरी आमच्या घराला त्याचा उपयोग नव्हता, धाब्यापासून टीव्हीपर्यंत केबल आहे जेमतेम पंधरा मीटर. खरा बूस्टरसुद्धा लांब केबलमध्ये झालेली घट भरून काढतो. छत्रीनं जे पकडलंच नाही ते तो आणणार कुठून?

उलट त्या डबीनं नुकसानच केलं. मधली केबल कापून त्यानं ती उघड्यावर बसवली होती, पिनांवर नुसती काळी टेप. परतीच्या पावसाची एक सर आली आणि पाणी आत. मी पीन काढली तेव्हा तांब्याची मधली तार हिरवी पडायला लागली होती आणि बाहेरच्या जाळीची दोन केसं तिला टेकत होती. अशी केसं टेकली की बॉक्स एलएनबीची लाइन शॉर्ट झाल्याचा संदेश दाखवतो किंवा मुकाट सिग्नल सोडतो. हे झालं असतं तर तोच मुलगा पुन्हा बोलावला गेला असता. कदाचित तीच योजना असावी.

बॉक्सची अदलाबदल मात्र आबांना स्वतःलाच जाणवली होती. “चॅनेलं कमी झाली” म्हणत होते. मुलगा म्हणून गेला होता की नव्या सॅटेलाइटवर पंधरा दिवसांत येतील. ती येणार नव्हती. फ्री डिशवर दोन प्रकारची चॅनेलं असतात, जुन्या एमपेग-२ पद्धतीची आणि नव्या एमपेग-४ पद्धतीची. एमपेग-४ बॉक्सवर दोन्ही दिसतात, जुन्या बॉक्सवर फक्त जुन्या पद्धतीची. आमचा चांगला एमपेग-४ बॉक्स घेऊन त्यानं कुणाच्या तरी घरचा जुना लावला होता. आमचा बॉक्स पुढच्या गावात ‘नवा’ म्हणून विकला गेला असणार. मला सगळ्यात जास्त राग याचा आला. एलएनबी आणि डबी हा फसवणुकीचा भाग, हा सरळ चोरीचा.

चॅनेल गेलं म्हणजे छत्री बिघडली असं मात्र दर वेळी नसतं. फ्री डिशवरच्या खासगी चॅनेलांच्या जागांचा लिलाव होतो, चॅनेलं येतात-जातात. एप्रिल २०२२ मध्ये मोठ्या कंपन्यांची लोकप्रिय हिंदी मनोरंजन चॅनेलं एकदम फ्री डिश सोडून गेली होती, तेव्हाही कितीतरी घरांत मेकॅनिक बोलावले गेले असतील. एखादं-दुसरं चॅनेल गेलं आणि बाकी स्वच्छ असेल तर आधी रिमोटवरून ऑटो स्कॅन करा. त्याला पैसे पडत नाहीत.

आणि सगळंच गेलं तर? कुणालाही बोलवायच्या आधी बॉक्सच्या मेनूत सिग्नलचं पान उघडा. तिथे दोन पट्ट्या असतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. बहुतेक बॉक्सवर दोन्ही शून्य असतील तर गडबड केबलमध्ये, पिनेत किंवा एलएनबीत. स्ट्रेंग्थ भरपूर आणि क्वालिटी शून्य असेल तर छत्री हललीय किंवा तिच्यापुढे काही आडवं आलंय. वैशाखातल्या वावटळीनं छत्री बोटभर फिरली तरी पुरतं, आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत वानरं दांडीला लोंबकळतात ते वेगळंच. जोराच्या पावसात चित्र जाणं तर ठरलेलंच, ढग हलला की येतं. मेकॅनिकला या पट्ट्या काम सुरू करायच्या आधी दाखवायला सांगा आणि झाल्यावर पुन्हा. पट्टी जिथे होती तिथेच राहिली तर पैसे कशाचे?

आडवं काय आलंय हे ओळखायची एक सोपी रीत त्या लबाडाच्याच युक्तीतून सापडते. गांधी जयंतीच्या आसपास अकराच्या सुमारास सूर्य नेमका उपग्रहाच्या रेषेत असतो. त्या वेळी छत्रीवर स्वच्छ ऊन पडलं असेल तर पुढे काही आडवं नाही. निंबाच्या फांदीची सावली पडली असेल तर तीच फांदी तुमचा सिग्नल अडवतेय. आमच्या शेजारच्या काकूंचं चित्र पावसाळ्यापासून फुटत होतं. त्यांच्या छत्रीवर सावली होती. फांदी छाटली, चित्र स्थिर झालं. त्यांनीही त्या मुलाला बूस्टरचे बाराशे दिले होते.

आमच्या छत्रीचं काम अर्ध्या दुपारीत झालं. डबी काढली, केबलचं खराब टोक कापलं, नवी पीन बसवली, तिच्याखाली केबलला एक वळसा खाली सोडून ठेवला म्हणजे पाणी पिनेकडे न जाता वळशावरून टपकतं. खर्च एका पिनेचा.

पैशांचं काय झालं? फोनवरून गेलेल्या ४९९ रुपयांची तक्रार १९३० वर केली. हा सायबर फसवणुकीचा नंबर, जितक्या लवकर फोन तितकी पैसे अडवले जाण्याची आशा जास्त. आमचे दिवस उलटून गेले होते, पैसे तोवर पुढे निघून गेले होते. रोख पैशांसाठी आणि बॉक्ससाठी पोलीस ठाण्यात अर्ज दिला. दुकानातून घेतलेल्या वस्तूची किंवा पैसे भरून घेतलेल्या सेवेची तक्रार असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, पण तिथे समोरचा कोण हे सांगता यावं लागतं. आधारचा फोटो गेला म्हणून दोघांचं बायोमेट्रिक आधारच्या अ‍ॅपवरून लॉक करून टाकलं, त्याला काही खर्च नाही, लागेल तेव्हा उघडता येतं.

रिचार्जवाल्या डीटीएचचं घर असेल तर हीच जात दुसऱ्या वेशात येते. चित्र गेलं की माणूस इंटरनेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधतो, वर दिसतो तो नंबर कुणीतरी टाकून ठेवलेला असतो, आणि पलीकडचा ‘पाच रुपये भरून तक्रार नोंदवा’ म्हणत फोनचा पडदा बघू देणारं अ‍ॅप टाकायला लावतो. मग पाच रुपयांवर थांबत नाही. नंबर बॉक्सबरोबर आलेल्या कागदावरून किंवा कंपनीच्या स्वतःच्या अ‍ॅपमधूनच घ्या.

आणि आजच एक काम करा. बॉक्स उलटा करून त्याच्या मागचा सीरियल नंबर दिसेल असा फोटो काढून ठेवा. आमच्याकडे तो नव्हता. पोलिसांच्या अर्जात ‘काळ्या रंगाचा, रिमोटसह’ एवढंच लिहावं लागलं, आणि अर्ज घेणाऱ्या हवालदारसाहेबांनी विचारलं, “ताई, कुठला काळा नसतो?”