मुलगाच हवा? शुक्राणू निवडणं आणि भ्रूण तपासणं

निपाणी-खानापूरकडं दोन मुली झाल्या की सासूबाईंच्या तोंडी आता अंगाऱ्याच्या जोडीला टेस्ट ट्यूबचं नावही येतं. परदेशात त्यासाठी दोन वाटा आहेत.

एक, शुक्राणू निवडण्याची. एक्स शुक्राणूनं मुलगी होते, वायनं मुलगा. एक्स शुक्राणूत वायपेक्षा सुमारे २.८ टक्के डीएनए जास्त असतो. रंग चढवून लेझरखाली त्यांची वाटणी करतात. बाईला त्रास कमी, पण मुलगाच होईल याची खात्री नाही.

दुसरी, भ्रूणतपासणी. रोज पोटात इंजेक्शनं, भूल देऊन बीजं काढणं, मग प्रयोगशाळेत वाढवलेल्या पाच-सहा दिवसांच्या भ्रूणातल्या मोजक्या पेशी घेऊन गुणसूत्रं बघणं. लिंग जवळजवळ अचूक कळतं. गर्भ राहीलच असं मात्र नाही. झिजते ती सूनच. लिंग ठरतं बापाच्या शुक्राणूवरून, हे कोण बोलणार?

भारतात मुलगा-मुलगी निवडायला हे दोन्ही करणं गुन्हाच. गर्भलिंग तपासण्याविरुद्धच्या १९९४ च्या कायद्यात २००३ पासून गर्भधारणेआधीची निवडही आली. पहिल्याच गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत कैद. बेळगावात जमेना म्हणून कोल्हापूर गाठायचा बेत असेल, तर कायदा केंद्राचा आहे, राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्यापलीकडंही तोच. घरात थॅलेसेमियासारखा आजार असेल तर भ्रूणतपासणी रीतसर करता येते, लिंग न सांगता.