प्रोटोबफ: जुन्या फायली सांभाळणाऱ्याच्या नजरेतून

गेली सहा वर्षं मी एका जुन्या प्रणालीची देखभाल करतेय. ती ज्यांनी लिहिली, त्यांपैकी आता टीममध्ये कुणीच नाही. मागे राहिल्या आहेत हजारो बायनरी फायली, एक स्कीमा (कुठलं फील्ड, त्याचा नंबर कोणता, प्रकार कोणता याची यादी) आणि त्यातल्या काही ओळींशेजारची 'याला हात लावू नका' अशी कॉमेंट. त्यामुळे गूगलने २००८ मध्ये खुल्या केलेल्या प्रोटोकॉल बफर्सबद्दल (थोडक्यात प्रोटोबफ: स्कीमानुसार डेटा बायनरीत लिहिणारी आणि वाचणारी लायब्ररी) मी लिहितेय ते नवं काही सुरू करणाऱ्यांसाठी नाही, जुनं चालू ठेवणाऱ्यांसाठी आहे.

माझं मत आधीच सांगते. जुना डेटा वाचण्याच्या बाबतीत ही लायब्ररी शब्दाला पक्की आहे. जुना कोड चालवण्याच्या बाबतीत मात्र तितकी नाही.

डेटाचं गणित कळायला तीन बाइट पुरतात: १८ ९३ ०२, हेक्समध्ये. पहिला बाइट म्हणजे दशमानात २४, म्हणजेच ३ गुणिले ८. म्हणून हे तीन नंबरचं फील्ड, प्रकार व्हॅरिंट, म्हणजे लागतील तेवढेच बाइट घेणारा आकडा. ९३ मधला सर्वांत वरचा बिट सांगतो की आकडा अजून संपलेला नाही. तो काढला की उरतात १९. पुढच्या ०२ चे २ गुणिले १२८, म्हणजे २५६. बेरीज २७५. यात फील्डचं नाव कुठेच नाही. म्हणून बायनरीपुरतं नाव खुशाल बदला, जुन्या फायलींना त्याचा पत्ताही लागत नाही. (जेसनमध्ये काढत असाल तर नाही हं, तिथे नावच जातं.) नंबर मात्र एकदा दिला की दिला.

आमच्याकडे चूक झाली ती नेमकी इथेच. मी येण्याआधी कुणीतरी सात नंबरचं 'सवलत' हे फील्ड काढून टाकलं आणि काही महिन्यांनी तोच नंबर 'वजन' या नव्या फील्डला दिला. दोन्ही इंट३२, म्हणजे ३२ बिटांचे पूर्णांक. त्यामुळे ना कंपाइलर बोलला, ना पार्सर. जुन्या नोंदींत २१ किलो वजन दिसायला लागलं, तेही कागदोपत्री सेवांना! मी दोन दिवस हिशेबाच्या कोडमध्ये शोधत होते. शेवटी हेक्स डंप उघडला तर समोर ३८ १५. फील्ड सात, किंमत २१. ती सवलतीची टक्केवारी होती. वजनाला नवा नंबर दिला, पण तोवर एकाच नंबरखाली दोन अर्थ लिहून झाले होते. ते नोंदीच्या तारखेवरून वेगळे करावे लागले. स्कीमात 'रिझर्व्हड ७' एवढी एक ओळ असती, तर कंपाइलरने तो नंबर पुन्हा वापरूच दिला नसता. फील्ड काढताना ही ओळ लिहायचीच, हा आता आमच्याकडे रिव्ह्यूचा नियम आहे.

प्रकार बदलतानाही असंच जपावं लागतं. इंट३२ चं इंट६४ केलं तर जुना डेटा नीट वाचला जातो. सिंट३२ केलं तर नाही, कारण त्याचं एन्कोडिंग झिगझॅग आहे, म्हणजे ऋण आणि धन आकडे आलटून-पालटून मोजले जातात: इंट३२ ने लिहिलेला १ सिंट३२ वाचतो तो -१ म्हणून. एरर मात्र कुठेच येत नाही.

लायब्ररीनेही काही निर्णय घेऊन नंतर फिरवलेत. स्कीमा लिहिण्याच्या भाषेची प्रोटो३ ही आवृत्ती आली तेव्हा अनोळखी फील्ड्स वाचताना टाकून दिली जायची. मधली एखादी जुनी सेवा संदेश वाचून पुढे पाठवत असेल, तर नव्या फील्ड्सचा डेटा तिथेच गळणार. २०१७ मध्ये लायब्ररीच्या ३.५ आवृत्तीपासून ती पुन्हा जपली जाऊ लागली. तसंच 'शून्य दिलंय' आणि 'काही दिलंच नाही' यांतला साध्या आकड्यांमधला फरक प्रोटो३ ने पुसला होता. 'ऑप्शनल' (फील्ड दिलंय की नाही हे लक्षात ठेवायला लावणारा शब्द) परत येऊन ३.१५ मध्ये पक्कं व्हायला २०२१ उजाडलं. चूक दुरुस्त केली याचं मला मोल आहे, पण जुना कोड सांभाळणाऱ्याने आपण नेमक्या कुठल्या आवृत्तीवर आहोत ते पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आता जनरेटेड कोड, म्हणजे कंपाइलर स्कीमावरून तयार करतो तो. २०२२ मध्ये पायथॉनसाठी ४.२१ आली आणि ३.१९ च्या आधीच्या कंपाइलरने तयार केलेल्या फायली तिच्यावर जशाच्या तशा चालेनाशा झाल्या. फायली नव्याने जनरेट करणं हा खरा उपाय. पण मूळ स्कीमाच हरवलेला असेल तर काय करणार? रनटाइम (तो कोड ज्या लायब्ररीवर चालतो ती) जनरेटेड कोडपेक्षा जुना असणं तर कधीच धरून चालत नाही. म्हणून स्कीमा रिपॉझिटरीत ठेवा आणि कोड प्रत्येक बिल्डला तयार करा.

सध्या मी एडिशन २०२३ कडे, म्हणजे प्रोटो३ नंतरच्या स्कीमा-पद्धतीकडे वळतेय. तिथे 'रिक्वायर्ड' (हे फील्ड भरलंच पाहिजे) हा शब्द नाही, पण ज्यांच्याकडे तो आधीपासून आहे त्यांच्यासाठी 'लेगसी रिक्वायर्ड' नावाची सोय ठेवलीय. आमच्या स्कीमात अशी चार फील्ड्स आहेत. ती ऑप्शनल करून एखाद्या संदेशात रिकामी ठेवली, तर जुने वाचक तो अख्खा संदेशच नाकारतील, म्हणून आजवर कुणी धजलं नाही. या सोयीमुळे ती चारही जशीच्या तशी नव्या स्कीमात आली, बायनरी रूप तेच राहिलं आणि चाचणीला घेतलेली सर्वांत जुनी फाइल पहिल्याच फटक्यात उघडली.