आकडी संदर्भपद्धत: अकरा महिने वापरल्यावर

‘१ आणि २ कुठे गेले?’ प्रबंधाचा मसुदा उघडल्याबरोबर गाईड मॅडमचा पहिला प्रश्न हा. प्रस्तावनेतल्या पहिल्याच वाक्याच्या शेवटी [३] होता. आकडी पद्धतीत संदर्भ ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने त्यांना नंबर मिळतो, म्हणजे सुरुवात १ ने व्हायला हवी. मी दोन संध्याकाळी संदर्भांची फाइल चाळत बसले. फाइल निर्दोष.

चोर निघाला आकृत्यांच्या यादीत. दोन आकृत्यांच्या मथळ्यांत मी ‘अमक्यावरून घेतली’ म्हणून सायटेशन, म्हणजे संदर्भाची खूण, टाकलं होतं. लेटेकमध्ये (मी प्रबंध ज्यात लिहिते ते मजकूर जुळवणारं सॉफ्टवेअर) मथळा जसाच्या तसा सुरुवातीच्या यादीत जातो, सोबत सायटेशनही जातं आणि १ व २ तिथेच खर्ची पडतात. वैताग असा की अगदी कोऱ्या फाइलवर पहिल्यांदा चालवलं तर सगळं बरोबर दिसतं, कारण तेव्हा यादीच तयार नसते. बिबटेक, म्हणजे संदर्भांची यादी बनवणारा त्याचा जोडीदार प्रोग्राम, पुन्हा चालवलं की बिघडतं. उपाय तीस सेकंदांचा: मथळ्याआधी चौकोनी कंसात सायटेशन नसलेला छोटा मथळा द्यायचा, यादीत तोच जातो. हे कुणी पहिल्या दिवशी का सांगत नाही?

बाकी पद्धतीबद्दल माझं मत दोनदा बदललं. मी लेखक-वर्षवाली, म्हणजे आकड्याऐवजी कंसात आडनाव आणि वर्ष लिहिणारी. सुरुवातीला कोरडे आकडे बघून चीड यायची. त्यात पहिले तीन महिने नंबर हाताने टाकले (हसू नका). मधे एक संदर्भ घुसला की पुढचे सगळे सरकवायचे, आणि आधी आलेल्या संदर्भाला जुनाच नंबर द्यायचा हे विसरून एकाच लेखाला १७ आणि ४४ असे दोन नंबर. मग बिबटेकवर आले, तर ‘प्लेन’ स्टाइलने यादी आडनावांनुसार लावून टाकली. येण्याच्या क्रमासाठी ‘अनसॉर्ट’ लागते, हेही उशिरा कळलं.

मग परिषदेसाठी लेख लिहायची वेळ आली, पानांची मर्यादा कडक. तिथे ही पद्धत आवडायला लागली. आडनावं आणि वर्षं कंसात भरली की एका वाक्यात दीड ओळ जाते; इथे [५]–[८] एवढ्यात चार लेख उरकतात. शब्दांच्या बाबतीत मी कंजूष आहे, त्यामुळे हा फायदा मला फार मोठा वाटतो. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी १९७८ मध्ये व्हँकुव्हरला बसून लेखांचे नियम एकसारखे केले, त्यात संदर्भांसाठी हीच पद्धत घेतली. त्यांच्याकडेही जागेची चणचण असेल, असा आपला माझा अंदाज.

वर चढवलेले आकडे मात्र नकोतच. ‘मी’ च्या डोक्यावर २ दिसला की तो चौरस मीटर की दुसरा संदर्भ? माझ्या विषयात एककं पानोपानी, म्हणून मी चौकोनी कंसच ठेवले.

‘[१४] यांनी दाखवलं’ असं लिहायची सवय लागली असेल तर आत्ताच मोडा. नंतर एका नियतकालिकाने लेखक-वर्ष मागितलं. स्टाइल बदलायला एक मिनिट लागलं, असली वाक्यं दुरुस्त करायला अख्खा रविवार. आता वाक्यात आडनाव घालते आणि नंबर मागे जोडते. दोन शब्द जास्त जातात, जाऊ देत.

एक तक्रार उरलीच आहे. मॅडमनी परवा पहिल्या प्रकरणात एक लेख वाढवायला सांगितला. नंबर आपोआप सरकले, काही बिघडलं नाही. पण छापील मसुद्याच्या समासात मी चार महिने ‘४१ पाहा’, ‘६८ शी ताडून बघा’ असं लिहीत आले होते, ते सगळं एका घराने चुकलं. आता समासात पेन्सिलने आडनाव आणि वर्षच लिहिते.