श्रीलंकेची एक्सेल शीट: अकरा महिने वापरल्यानंतर

श्रीलंकेच्या सहलीच्या आखणीची ही शीट मी गेल्या ऑक्टोबरमध्ये बनवली. फेब्रुवारीत आम्ही चौघं (मी, नवरा, नऊ वर्षांचा मुलगा आणि माझी आई) तिच्या भरवशावर फिरून आलो. जूनमध्ये ताईचं कुटुंब गेलं, ऑगस्टमध्ये ऑफिसातली मैत्रीण. आता आठवी आवृत्ती चालू आहे. कुणी मागितली की लिंक पाठवते आणि मग फोनवर तासभर समजावत बसते. त्यापेक्षा एकदाचं लिहून टाकते.

पहिल्या आवृत्तीत सात रात्री आणि सहा गावं होती: निगोंबो, अनुराधापुर, सिगिरिया, कँडी, एला, गाल. नकाशावर देश एवढासा दिसतो. या टोकापासून त्या टोकापर्यंत साडेचारशे किलोमीटरही नाही. मी अंतराच्या रकान्यात किलोमीटर भागिले 60 हे सूत्र टाकलं आणि सगळं कसं छान बसलं. आईने प्रिंट हातात घेतली, चष्मा लावला आणि म्हणाली, "अगं, देश बघायला चाललोय की बॅगा भरायला?" त्या एका वाक्यात निगोंबो आणि अनुराधापुर गेलं. सात रात्रींना चार मुक्काम, यापेक्षा जास्त नकोच. मुक्काम बदलला की आवराआवर, हिशेब, नवीन जागी खोली मिळेपर्यंतची वाट यात अर्धा दिवस जातो आणि तो कुठल्याच रकान्यात दिसत नाही.

सूत्र मात्र तसंच राहिलं होतं. ते पहिल्याच दिवशी आपटलं. विमानतळ खुद्द कोलंबोत नाही, उत्तरेला तीसेक किलोमीटरवर कटुनायकेला आहे. त्यामुळे सिगिरियाला जायचं तर कोलंबोत शिरायची गरजच नाही, हे मी बरोबर धरलं होतं. अंतर दीडशे किलोमीटर, शीटप्रमाणे अडीच तास. लागले सव्वाचार. रस्ते चांगले आहेत, खड्डे नाहीत, पण अरुंद आणि वस्तीतून जाणारे. बस, टुकटुक, शाळेची मुलं. सिगिरियाजवळच्या हबरणच्या बाजूला तर संध्याकाळनंतर रस्त्यावर हत्ती येतात, म्हणून गाडीवाले अंधाराच्या आत पोहोचायला बघतात. आता भाजक 35 आहे. डोंगरात 30.

सिगिरिया हा भाग शीटमध्ये सगळ्यात जास्त जमला. पाचव्या शतकात कश्यप राजाने या उभ्या कातळावर राजवाडा बांधला. वर जायला बाराशेच्या आसपास पायऱ्या आहेत. आम्ही सकाळी दार उघडतानाच गेलो, आणि दहाला खाली उतरताना तापलेल्या लोखंडी जिन्यावर चढणाऱ्यांची रांग बघून मला स्वतःच्या पाठीवर थाप मारावीशी वाटली. आई शेवटच्या जिन्याच्या पायथ्याशी असलेल्या सिंहशिल्पाच्या पंजांपर्यंत आली आणि तिथेच बसली. तिथे गांधीलमाश्यांसाठी 'शांतता पाळा' अशी पाटी आहे. ती विनोद नाही, पोळी खरंच वर लटकलेली असतात. मधल्या कपारीतली चित्रं मात्र तिने बघितली होती. फोटो काढू देत नाहीत. ते बरंच, माणसं निदान बघतात तरी. आम्ही अजिंठा दोनदा बघितलेलं घर. आई त्या अप्सरांसमोर उभी राहून म्हणाली, "ह्या आपल्याकडच्याच दिसतायत." अजिंठ्याची पुष्कळ चित्रंही पाचव्या शतकाचीच, तेव्हा अगदीच काही चुकली नाही. सार्क देशांच्या लोकांना तिकीट स्वस्त पडतं, पण मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो. आमचे हॉटेलच्या तिजोरीत होते. नवरा टुकटुकने परत गेला आणि घेऊन आला.

दंबुल्लाची लेणी वीसेक किलोमीटरवर. पाच गुहा, बुद्धमूर्तींनी भरलेल्या. मुलाने मूर्तीकडे पाठ करून सेल्फी घ्यायला हात वर केला तेवढ्यात पहारेकऱ्याने हलकेच त्याचा खांदा वळवला. बुद्धाकडे पाठ करून फोटो काढणं तिथे अपमान समजतात. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, चपला बाहेर. दुपारी फरशी इतकी तापते की पायमोजे घालून जा, ही शीटमधली सगळ्यात उपयोगी ओळ आहे असं तिघींचं एकमत आहे.

तिथेच खाली जेवायला बसलो. भात, परिप्पु म्हणजे नारळाच्या दुधातलं वरण, दोन भाज्या आणि पोल सांबोल, म्हणजे ओल्या नारळाची लाल चटणी. आईने चटणी कालवली आणि विचारलं, "दाण्याचा कूट घातलाय का गं?" मलाही तेच वाटलं होतं. नवरा मालवणचा. त्याने बोटावर घेऊन वास घेतला आणि काही न बोलता आईचं ताट स्वतःकडे ओढलं. त्याला उंबलकड म्हणतात: सुकवलेला कुपा, कुटून घातलेला. शाकाहारी समजून मागवलेल्या भाजीतही असतो आणि वाढणाऱ्याच्या मनात त्यात काही वावगं नसतं, तो त्यांच्या लेखी मसाला. तेव्हापासून शीटवर एक ओळ लाल अक्षरात आहे: 'उंबलकड एपा'. एपा म्हणजे नको. आईचं बाकी दिवस इंदिअप्पा (तांदळाच्या वाफवलेल्या शेवया), केळी आणि मातीच्या भांड्यातलं म्हशीचं दही यावर मजेत गेलं. दह्यावर कितुलचा पाक घालतात. कितुल म्हणजे आपल्या कोकणातला भेरली माड.

कँडीला दंतधातूच्या, म्हणजे बुद्धाच्या दाताच्या, मंदिरात संध्याकाळी साडेसहाची पूजा धरा. ढोल सुरू झाले की आतलं दालन उघडतं. दात दिसत नाही, करंडक दिसतो, तोही रांगेतून सरकताना दोन क्षण. मी थोडी खट्टू झाले. आई नाही झाली. 1950 साली जागतिक बौद्ध परिषदेसाठी बाबासाहेब श्रीलंकेत आले होते, हे तिला माहीत होतं. मला तिने तिथे, तळ्याच्या कठड्यावर बसून सांगितलं.

कँडी ते एला आगगाडीत मात्र शीट साफ नापास. आरक्षण तीस दिवस आधी उघडतं हे लिहिलं होतं. उघडलं, पाणी पिऊन आले, संपलं. एका दलालाने तिप्पट भाव सांगितला. तो दिला नाही. मग नवऱ्याने सुचवलं की वाटेतल्या नानु ओया स्टेशनापासून एला एवढंच बघ. ती तिकिटं होती. कँडीहून चहाच्या मळ्यांतून रस्त्याने नानु ओयापर्यंत गेलो आणि उरलेले तीनेक तास आगगाडीने. देखाव्याचा भाग बराचसा या टप्प्यातच आहे, पट्टिपोला हे सर्वांत उंचावरचं स्टेशनही याच टप्प्यात. आता शीटमध्ये हाच पहिला पर्याय आहे. मैत्रीण हट्टाने कँडीहूनच चढली, विनाआरक्षित तिसऱ्या वर्गात. विरार लोकलचा सराव कामी आला म्हणाली. पावसात दरडी पडून मार्ग बंद होतो, तेव्हा आदल्या आठवड्यात चौकशी करायचीच.

गालबद्दल फार लिहीत नाही. किल्ला संध्याकाळी चालत फिरा, पुरे. परतीला द्रुतगती मार्ग आहे, आणि अख्ख्या सहलीत माझं ते भागिले 60 तेवढ्या एका दिवशी बरोबर आलं.

ताईच्या वेळी वेगळीच भोकं दिसली. जूनमध्ये नैर्ऋत्य मोसमी पाऊस असतो, दक्षिण किनाऱ्यावरच्या मिरिस्साचा समुद्र खवळलेला. तेव्हा पूर्वेकडचं त्रिंकोमाली कोरडं असतं, हे मला फेब्रुवारीत कळायचं कारणच नव्हतं. तिने अनुराधापुर परत घातलं होतं, आणि पोहोचली ती नेमकी पोसन पौर्णिमेला. अशोकाचा मुलगा महिंद याच पौर्णिमेला अनुराधापुरजवळच्या मिहिंतलेला आला, म्हणून सगळा देश तिथे लोटतो. ठरवलेल्या हॉटेलने खोली दुसऱ्याला देऊन टाकली होती. पण रस्त्यावर दन्सल लागलेली, येणाऱ्याजाणाऱ्याला फुकट जेवण आणि सरबत. भाचे त्यावरच खूष. दर पौर्णिमेला तिथे सुट्टी असते आणि दारूविक्री बंद असते. शीटमध्ये आता पौर्णिमेचा रकाना आहे, आणि ऋतूप्रमाणे दक्षिण किंवा पूर्व किनारा अशी दोन पानं.

ईटीएचं, म्हणजे ऑनलाइन प्रवास परवानगीचं, एक राहिलं. ताईने सरकारीसारख्या दिसणाऱ्या एका संकेतस्थळावर दुप्पट पैसे भरले. पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट एलके' आहे का एवढं बघा.

डिसेंबरमध्ये नणंद जातेय. तिला त्याच सात रात्रींत पार उत्तर टोकाचं जाफनाही बसवायचंय. तिला शीट फक्त बघण्यापुरती उघडून दिली आहे.